पायाला हात

उमरोळीच्या फलाटावर सकाळी उभं राहिलं की माझी नजर खाली जाते. चेहरे ओळखीचे असतात, हसणं होतं, "गाडी लेट आहे का गं आज?" एवढं बोलणंही होतं. पण कोण कुठून आलं आणि दिवसभर कुठे राबणार, हे मला पायांवरून जास्त कळतं. तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्याच्या पायात पुढून पोलादाने मढवलेले जड सेफ्टी शूज असतात. अंधेरीच्या हापिसात जाणारी मुलगी सपाट चपलेत असते आणि तिचे उंच टाचांचे सँडल पिशवीत असतात. भाजीची पाटी घेऊन खांबाला टेकलेल्या मावशीच्या टाचांच्या भेगांत माती इतकी मुरलेली असते, की आता ती धुऊन निघत नाही, कातडीचाच रंग झाली आहे. पावसाळ्यात बांधावरून थेट स्टेशनात आलेली माणसं नळाखाली पाय धुतात आणि मग ओल्या पायांनीच डब्यात चढतात.

पालघर आणि बोईसर यांच्या मधलं हे छोटं स्टेशन. पूर्वी सगळा भार विरार-डहाणू शटलवर असायचा. २०१३च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि गावातली माणसं रोजच्या रोज फार लांब जाऊ लागली. इथून चर्चगेट दोन तासांहून जास्त. त्यातला बराचसा वेळ उभ्यानं. कामाच्या जागी पुन्हा उभं, परतताना पुन्हा उभं, आणि बाई असेल तर घरी आल्यावर ओट्यापाशी आणखी तेवढंच. एवढं सगळं ज्या दोन तळव्यांवर चालतं, त्यांच्याकडे कोण बघतं, हा प्रश्न माझ्या मनात फार वर्षांपासून आहे.

एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखाली आहे. तळव्याची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत जाड, तिच्यात घामाच्या ग्रंथी भरपूर. तेलाची ग्रंथी मात्र एकही नाही. अंगावर बाकी जवळजवळ सगळीकडे शरीर आपलं तेल आपण पुरवतं. तळव्याला ते बाहेरून यावं लागतं. कुणाच्या तरी हाताने यावं लागतं, असं मी म्हणेन, कारण दमून आलेलं माणूस वाकून स्वतःच्या टाचेपर्यंत क्वचितच पोचतं.

आमच्याकडे तो हात आजीचा होता. बाबा बोईसरला कारखान्यात. घरी आले की बूट ओट्यावर काढत, मोजे दगडावर टाकत, आणि पाय बघावेत तर भिजून पांढरे पडलेले, बोटांवर बुटाचे वळ. आजी परातीत कडकडीत नाही पण चांगलं गरम पाणी ओतायची, मूठभर जाडं मीठ टाकायची. पाय निथळले की ती फडताळातून काशाची वाटी काढायची. वाटी जुनी, काठाला किंचित वाकडी, बुडाला गुळगुळीत. तळव्याला तुपाचं बोट, तूप नसलं तर खोबरेल, आणि मग वाटी पालथी धरून घासायला सुरुवात.

तिची एक रीत होती. आधी टाच. टाचेभोवती वाटी गोल फिरायची, सावकाश, दाब देऊन. मग पावलाच्या पोकळीत ती हलकी व्हायची, कारण तिथे गुदगुल्या होतात आणि बाबा पाय ओढून घेत. मग चवड्यावर पुन्हा जोर. बोटांच्या मधल्या जागेत वाटी जात नसे, तिथे आजीची करंगळी जायची. सुरुवातीला आवाज ओला, सुळसुळीत यायचा. तूप जिरत गेलं की आवाज कोरडा व्हायचा, आणि तळव्यावर आधी हिरवट, मग राखाडी, मग काजळासारखा काळा थर धरायचा. "बघ, किती उष्णता साचली होती," आजी म्हणायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्याने तो पुसून काढायची. एव्हाना बाबांची मान भिंतीला टेकलेली असायची, आणि कारखान्यातली कुठलीही गोष्ट अर्धवट टाकून ते झोपलेले असायचे.

तो काळेपणा तांब्याचा असतो, हे मला पुढे कळलं. कासं म्हणजे तांबं आणि कथील; चांगल्या काशात तांबं सुमारे ७८ टक्के, कथील सुमारे २२. एवढं कथील पडलं की धातू कडक आणि ठिसूळ होतो, म्हणून काशाचं भांडं हातून निसटलं तर त्याला पोचा येत नाही, तडा जातो. त्या धातूतलं तांबं तुपातल्या आम्लांशी आणि तळव्याच्या घामाशी मिळतं आणि काळं उतरतं. आजीची उष्णता म्हणजे ही रासायनिक क्रिया. पण बाबांना लागलेली झोप खरी होती. दिवसभर बुटात आवळलेल्या स्नायूंना दाब मिळाला, रक्त खेळलं, कोरड्या कातडीला स्निग्धपणा मिळाला, आणि आपल्या माणसाचा हात पंधरा मिनिटं पायांवरून हटला नाही. यातल्या एकेका गोष्टीला झोप आणण्याची ताकद आहे, इथे तर चारही एकत्र होत्या.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, पायांना तेल लावण्याचे फायदे सांगितले आहेत. खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा, बधिरपणा जातो, पाय मऊ, बळकट, स्थिर होतात, दृष्टी निवळते. त्याच अध्यायात पाय वारंवार धुवावेत आणि पादत्राणं वापरावीत, असंही आहे. वाग्भट तर रोज सर्वांगाला तेल जमलं नाही तरी डोकं, कान आणि पाय सोडू नका, असं बजावतो. दृष्टीचा मुद्दा मी सोडून देते, तो कुणी सिद्ध केलेला नाही. पण तळव्याच्या बधिरपणाची नोंद इतक्या जुन्या ग्रंथात आहे, याचं मला नेहमी बरं वाटतं. कुणी तरी तेव्हाही पाय हातात घेऊन नीट बघितले होते.

आईचे पाय कुणी चोळल्याचं मला आठवत नाही.

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात ठेवलं, कारण त्यात आजीवर ठपका येतो, आणि आजी वाईट नव्हती. पण घराघरात पायांची एक उतरंड होती. सासऱ्यांचे पाय सून चेपायची, नवऱ्याचे बायको, गुरूचे शिष्य, पाहुण्यांच्या पायांवर घरची लेक पाणी घालायची. लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात शेषावर पहुडलेल्या विष्णूच्या पायांशी लक्ष्मी बसलेली, आणि तिचे स्वतःचे पाय लुगड्यात झाकलेले. गावात नखं काढायला नराणी घेऊन नाभिक यायचा. त्याच्या हातात मोठं कसब होतं, पण ते कसब जातीला जखडलेलं, आणि पायाला हात लावतो म्हणूनच तो खालचा ठरवलेला. आपल्याकडे पायाला हात लागतो तो खालून वर. आदर असो की चाकरी, दिशा ती एकच. त्यामुळे आई आवणीतून, म्हणजे भातलावणीतून, परतली, तिच्या बोटांच्या बेचक्या चिखलाने कुजल्या, तरी तिचे पाय हातात घेण्याचं काम कुणाचंच नव्हतं.

हे सगळं बरोबर घेऊन मी भाच्याकडे सिंगापूरला गेले. चायनाटाउनात पीपल्स पार्क कॉम्प्लेक्स नावाची जुनी, पिवळ्या-हिरव्या रंगाची उंच इमारत आहे. तिच्या खालच्या मजल्यांवर पाय चोळून देणाऱ्या दुकानांची रांग आहे. भाचा म्हणाला, "मावशी, दिवसभर चाललीस, आता बस." मी बसले.

आरामखुर्ची, पायांशी लाकडी बादली, तिच्यात वाफाळतं पाणी. पाण्यावर बारीक केशरी पाकळ्या तरंगत होत्या. मी वाकून चिमटीत घेतल्या आणि क्षणभर विश्वास बसेना: करडईची फुलं. आपल्या सोलापूरकडच्या रानात काट्यांतून डोकावणारी तीच करडई. आपण तिच्या बियांचं तेल काढतो, पाला भाजीला घेतो. चिनी वैद्यकात तिच्या वाळवलेल्या पाकळ्या रक्त खेळतं राहावं म्हणून वापरतात, आणि पाय भिजवायच्या पाण्यात त्या नेहमीच्या. जोडीला आलं, आणि एक राखाडी-हिरवा पाला. तो चुरगळून नाकाशी नेला तर वास दवण्याच्या घराण्यातला. ती आर्टेमिसिया कुळातलीच वनस्पती, दवण्याची चुलत बहीण. परक्या शहरात तळमजल्यावरच्या एका दुकानात माझे पाय घरच्या पाल्या-पाकळ्यांत बुडाले होते.

मग ती बाई आली. माझ्याच वयाची असावी, कदाचित दोन-चार वर्षांनी मोठी. केस आखूड, मनगटं रुंद. ती माझ्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली आणि तिने माझा उजवा पाय पाण्यातून उचलून टॉवेलात घेतला. माझा पाय आपोआप मागे आला. वडीलधाऱ्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा? मी अर्धवट उठून तिला नमस्कारच करणार होते. तिने मान वर केली नाही. घोटा पक्का धरला आणि पाय पुन्हा मांडीवर ओढला. तिच्या त्या धरण्यात लीनता नव्हती आणि उपकारही नव्हता. सुतार लाकूड धरतो, तसं तिने माझं पाऊल धरलं होतं, कारण पुढचं काम करायला ते तसंच धरावं लागतं.

तिने आधी बघितलं. हे मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं. तळवा दिव्याकडे वळवला, टाचेवर अंगठा फिरवला, करंगळीशेजारची भोवरी बोटाने दाबून पाहिली, चवड्यावरचा घट्टा चाचपला. माझ्या पायांचा इतका निवांत अभ्यास त्याआधी कुणी केला नव्हता, मीही नाही. मग एका पायाला गरम टॉवेलात गुंडाळून ठेवून तिने दुसऱ्याला हात घातला. वाकवलेल्या बोटाच्या पेराने ती टाचेपासून चवड्यापर्यंत रेघ ओढायची, कातडीखालची एकेक शीर वेगळी करत. बोटांची मुळं चिमटीत धरून ओढायची. पावलाच्या वरच्या हाडांमधल्या खोबणींतून अंगठा घोट्याकडे न्यायची. चवड्याच्या मागे, बोटं आत वळवली की जिथे खळगा पडतो, तिथे तिने पेर रोवलं आणि मी ओठ चावले. ती पहिल्यांदाच हसली आणि इंग्रजीतले तिचे दोन शब्द म्हणाली: दुखतं, चांगलं.

त्या खळग्याला चिनी वैद्यकात योंगछ्वान म्हणतात. मूत्रपिंडाशी जोडलेली प्राणाची वाट तिथून सुरू होते, असं ते वैद्यक मानतं. आपल्या सुश्रुतानेही तळव्यात, मधल्या बोटाच्या रेषेत, तलहृदय नावाचं मर्म सांगितलं आहे. जागा अगदी एकच नाही, पण शेजारची आहे. हजारो कोसांवरच्या दोन माणसांनी तळव्यावर बोट ठेवलं आणि जवळजवळ त्याच ठिकाणी थांबले.

दुकानाच्या भिंतीवर पायांचा रंगीत नकाशा होता. अंगठ्यात मेंदू, पोकळीत जठर, टाचेशी आतडी. तो नकाशा प्राचीन चिनी आहे, असं मी धरून चालले होते आणि तिथे बसणारे बहुतेक सगळे तसंच धरून चालतात. खरी कहाणी जास्त गोड आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकन डॉक्टरने शरीराचे उभे पट्टे कल्पून दाबाने वेदना कमी करण्याची पद्धत मांडली. पुढे युनिस इंगहॅम या बाईने १९३०च्या दशकात असंख्य पाय दाबून पाहिले आणि सगळं शरीर तळव्यावर रेखाटलं. १९३८ साली तिचं पुस्तक आलं. त्यानंतर तैवानात काम करणारे एक स्विस मिशनरी, फादर योसेफ ऑयगस्टर, यांना स्वतःच्या दुखण्यात या पद्धतीचा गुण आला. त्यांनी ती तिथल्या गावागावांत शिकवली. चिनी लोकांकडे पाय भिजवण्याची, दाबण्याची, तासण्याची परंपरा होतीच. ती या पाहुण्या नकाशाला येऊन मिळाली. टाच दाबली म्हणून आतडी सुधारतात, याला विज्ञानाचा आधार मिळालेला नाही. पाय दाबल्याने माणूस सैलावतं, दुखणं काही काळ हटतं, झोप येते, एवढं मात्र कुणालाही अनुभवता येतं. मला तेवढं पुरे आहे. त्यासाठी आतड्यांना मध्ये आणायची गरज नाही.

पाय तासण्याचं म्हणाल, तर चीनमध्ये यांगचौ नावाचं शहर तीन सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे: एक आचाऱ्याची, एक न्हाव्याची आणि एक पायांची निगा राखणाऱ्याची. तिन्ही कसबं तिथे एकाच दमात उच्चारली जातात. पायाची सुरी पटाशीसारखी, पातं सपाट, धार टोकाला. तिने आत वळलेलं नख, वर्षानुवर्षांचं कुरूप, रक्त न काढता सोलून घेतात. आपल्या नराणीचीच ही बहीण. आपल्याकडे ती नराणी कधी कुठल्या शहराचा अभिमान झाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि तरी याच चीनमध्ये सुमारे हजार वर्षं मुलींची पावलं बांधली गेली. कोवळ्या वयात बोटं तळव्याखाली दुमडून, हाडं मोडून, पट्ट्यांनी आवळून. १९१२ साली नव्या प्रजासत्ताकाने त्यावर बंदी घातली, तरी खेड्यांत ती प्रथा पुढे कैक वर्षं रेंगाळली. पायांचं एवढं शास्त्र जाणणाऱ्या समाजाने बाईच्या पायांचं असं करावं. स्टुलावरच्या त्या बाईच्या आजीचे, पणजीचे पाय कसे असतील, हे मला तिथेच आठवलं आणि मी तिच्या पायांकडे पाहिलं. कापडी, सपाट, मोठ्या मापाचे बूट. ती त्यात घट्ट रोवून बसली होती.

काम संपल्यावर तिने मला गरम पाण्याचा पेला दिला, पैसे मोजून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. त्यात काही कमीपणा तिलाही वाटला नाही, मलाही उरला नाही. मला राहून राहून आईच आठवत होती.

आपल्याकडे हे कुठेच नाही, असं म्हणणं खोटं होईल. आषाढी वारीसाठी आळंदीहून पालखी निघते, पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट वारकरी पायी कापतात, आणि मुक्कामाच्या गावांत तरुण पोरं, दवाखान्यातली माणसं, दुकानदार तेलाच्या बाटल्या घेऊन बसतात. समोरच्याचे पाय मांडीवर घेऊन चोळतात. चांभारकाम करणारे वहाणा फुकट शिवून देतात, नाभिक दाढ्या करतात. तिथे पाय चोळून घेणारी बाई बहुधा शेतकरीण असते, आणि चोळणारा तिला माऊली म्हणतो. आमच्यापासून रेल्वेने जवळ असलेल्या वसईत पवित्र गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू वेदीवरून खाली येतात, गुडघ्यांवर बसतात आणि बारा जणांचे पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधारगृहात जाऊन कैदी मुलांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. वर्षातून एकदा का होईना, दिशा उलटी होते. मला हवं होतं ते मात्र सणासुदीचं नव्हतं. रोजचं हवं होतं.

त्यातलं रोजचं एक काम माझ्या घरात आजाराने आणलं. यजमानांना मधुमेह आहे. भारतात मधुमेहाची माणसं १० कोटींच्या वर गेल्याचं २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून पुढे आलं. या आजारात पायांच्या नसा हळूहळू मुक्या होतात. चपलेत खडा आहे, कळत नाही. खिळा घुसला, कळत नाही. जखम सडेपर्यंत दुखत नाही. डॉक्टर नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवतात, तो वाकेल इतकाच, १० ग्रॅमचा दाब, आणि विचारतात, "लागलं का?" यजमान डोळे मिटून बसले होते. एका जागी त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. त्या रात्रीपासून मी त्यांचे पाय बघते. दिव्याखाली तळवा, टाच, बोटांमधल्या बेचक्या. लाली, फोड, भेग. अशा पायांना काशाची वाटी घासायची नाही, गरम पाण्यात बुडवायचे नाहीत; पाणी कोमट आहे ना ते दुसऱ्याने कोपराने पाहायचं, पुसताना बेचक्या कोरड्या करायच्या, तेल किंवा मलम लावायचं पण बोटांच्या मधे नाही. गावात शिबिरं लागतात, काशाच्या फिरत्या थाळीचं यंत्र घेऊन कुणी तरी येतं, लोक रांगेने पाय ठेवून बसतात. बसावं, बरं वाटतं. पण मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे मी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगते. यंत्राची थाळी फिरते, ती बघत नाही.

आता आवणी. जुलै उजाडला की राबावरचं रोप उपटून मुठी बांधायच्या, खाचरात चिखलणी झाली की ओणवं होऊन लावत मागे मागे सरकायचं. चिखल पोटरीपर्यंत. गमबूट चालत नाहीत, रुतून बसतात आणि पाऊल वर आलं तरी बूट चिखलातच राहतो. त्यामुळे अनवाणी. आठवडाभरात बेचक्या पांढऱ्या होतात, मग फाटतात, त्या चिखल्या. बुरशीचं काम असतं ते. बायका मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरतात, सकाळी बोटं लालभडक आणि जरा सुकलेली. फाटलेल्या कातडीतून लेप्टोचे जंतू शिरतात, म्हणून ताप आला की अंगावर काढू नये, लगेच सरकारी दवाखाना गाठावा, हेही आता गावात पुष्कळांना माहीत झालं आहे. लावणी करणाऱ्या बाईचे पाय दोन महिने औषध आणि चिखल यांच्यात असे झुलत राहतात. आपल्या ताटात येणारा भात त्या पायांवरून आलेला असतो.

आमच्या खाचरात आवणीला येणाऱ्या बायका वर्षानुवर्षांच्या. यंदा आवणी संपली त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ओटीवर गरम पाण्याची परात ठेवली, मीठ टाकलं, आजीची वाटी आणली. त्यांच्यातल्या एकीने, विक्रमगडकडे माहेर असलेल्या, मोहट्याच्या तेलाची बाटली काढली. मोहाची बी फोडून, घाण्यावर काढलेलं तेल. थंडीत थिजतं, पावसात जाडसर वाहतं, आणि भेगांना त्याच्यासारखं औषध नाही, असं तिकडची माणसं मानतात. मी तिला म्हटलं, "पाय पुढे कर." तिने झटकन पाय लुगड्याखाली घेतले. "नको बाय. तू पायाला हात नको लावू. पाप लागेल मला." मी समजावलं, पैसे घेऊन पाय चोळणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली, आईचं सांगितलं. ती ऐकत होती, पण पाय बाहेर येईनात. मालकिणीने मजुरणीचे पाय धरायचे, हे तिला सोसत नव्हतं, आणि मीही हट्ट केला असता तर तो माझ्याच मनाच्या समाधानासाठी झाला असता.

वाट काढली ती त्यांच्यातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने. ती परातीपाशी फतकल मारून बसली, विक्रमगडवालीला समोर ओढलं आणि म्हणाली, "तू माझे चोळ, मी तुझे." दोघी समोरासमोर बसल्या, एकीचे पाय दुसरीच्या मांडीवर. सगळ्यांत आधी त्यांनीही बघितलंच. "अगो, ही भेग कधीची? दोऱ्यानं शिवून घे," म्हणून एकमेकींच्या टाचा उलट्यापालट्या केल्या. मग अंगठ्यांनी तेल जिरवणं सुरू झालं. वाटी आली तेव्हा तिच्यावरून थोडी ओढाताण झाली, आवाज ओला-कोरडा होऊ लागला, आणि काळं उतरलं तसा जोरात हशा पिकला. दुसऱ्या जोड्या जमल्या. एक बाई उरली आणि एक मी. तिने माझ्याकडे पाहिलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "टाक पाय पुढे, बाय. मग माझे तू." मी पाय टाकले. तिच्या हाताची कातडी वाटीच्या काठाइतकी टणक होती, आणि चवड्यामागचा तो खळगा तिला न सांगता सापडला. माझी पाळी आली तेव्हा मी आधी तिचा तळवा ओटीच्या कडेशी, उजेडाकडे वळवला. टाचेत एक जुना काटा होता, वर कातडी धरलेली. सुई तापवून, तेल लावून तो काढायला बराच वेळ लागला. ती अजिबात हलली नाही, बोलत मात्र राहिली: यंदाची मजुरी, धाकट्या पोराचं पालघरचं कॉलेज, पाचची गाडी चुकली तर सहाची मिळेल का.

बाटली तळाला आली. विक्रमगडवालीने ती उलटी करून शेवटचे थेंब थोरलीच्या टाचेवर झटकले. पुढच्या वर्षी दोन आणीन, म्हणाली, पण मोहट्या वेचायला आणि फोडायला सगळ्यांनी माझ्या माहेरी यायचं, फुकट नाही मिळणार. थोरलीने लगेच कोण कोण येणार ते बोटांवर मोजायला घेतलं, आणि मला विचारलं की विक्रमगडची एसटी पालघरहून सकाळी किती वाजता सुटते.